पाहुणे जाईपर्यंत

सोमवार, ३ मार्च. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

भिंतीतला पलंग परत आत ढकलत होतो. बाहेर कसा काढायचा ते कंपनीवाल्यांनी काल दाखवलं, आत कसा घालायचा ते दाखवायला विसरले. दोनदा बोट चेमटलं. मग तो गेला, आणि भिंत अशी झाली की इथे रात्री कोणी झोपलं होतं हे सांगूनही कोणाला पटणार नाही. मुंगी अजून झोपली आहे. तिचा पलंग खिडकीखालच्या खणात आहे, ओढला की येतो.

वही ताईमुळे घेतली. ती म्हणाली, "सगळं मनात ठेवतोस आणि मग आठवड्यातून एकदा फोन करून माझं डोकं खातोस. त्यापेक्षा लिहीत जा." म्हणून लिहितो.

काम असं आहे. एक कंपनी नव्या पद्धतीची घरं बांधते आहे. त्यातलं एक घर आधीच तयार करून दाखवायला ठेवलं आहे. रिकामं घर लोक बघतात आणि निघून जातात, माणसं राहत असलेलं घर दिसलं की रेंगाळतात, असं विक्रीसाहेबांचं म्हणणं. म्हणून आम्ही इथे राहायचं. दहा ते सहा बघणारे येणार. त्यांना पाहुणे म्हणायचं. ते यायच्या आधी घंटा वाजणार, की आम्ही आपापल्या जागी. टेबलावरची फळं खरी आहेत, पण खायची नाहीत. आमचं स्वतःचं जे काही आहे ते जिन्याखालच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेला कुलूप.

पगार गोदामापेक्षा फार नाही. पण मुंगी दिवसभर माझ्याजवळ असेल. गोदामात असताना तिला शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे ठेवायचो. त्या तिला टीव्हीसमोर बसवून स्वतः झोपायच्या.

मुंगी साडेतीन वर्षांची आहे. ती सात महिन्यांची असताना तिची आई तापाने गेली. तेव्हापासून ताईचा एकच धोशा, पोरीला माझ्याकडे दे, माझ्या दोघांत तिसरी वाढेल. ताईचं गाव इथून रेल्वेने एका रात्रीचं. एकदा दिली की दिलीच, हे मला कळतं. मी ताईला शब्द दिला आहे की हे काम जमलं तर मुंगी माझ्याकडे राहील. नाही जमलं तर स्वतः आणून सोडीन.

जमलंच पाहिजे.

मंगळवार, ४ मार्च

विक्रीसाहेबांनी काल विचारलं होतं, "मिसेस कधी येणार?" मी सांगितलं, नाहीत. ते म्हणाले, "हरकत नाही, आम्ही देतो." मला वाटलं, गंमत करतात. आज दहाला दहा कमी असताना खरोखरच एक बाई आल्या. नाटकात कामं करतात. वहीत त्यांना नटी म्हणेन. आल्या, घरातले कपडे घातले, केस सैल बांधले, आणि घंटा वाजताच स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, चहा थंड होतोय!"

इतकं सहज म्हणाल्या की मी मागे वळून बघितलं, कोणाला हाक मारली म्हणून.

सहा वाजता केस सोडून पुन्हा घट्ट बांधले, पायात बूट घातले आणि म्हणाल्या, "येते दादा. उद्या जरा हसा. तुमचा चेहरा बघून पाहुण्यांना वाटतं, आत कोणीतरी आजारी आहे."

म्हणजे दहा ते सहा अहो, आणि सहानंतर दादा. बरंच आहे. आपण कुठे उभं राहायचं ते कळतं.

रविवार, ९ मार्च

रविवारी पाहुणे फार. दुपारी एक माणूस आमच्या न्हाणीघरात उभा राहून बायकोशी भांडला. मी टॉवेल घेऊन दाराशी उभा. भांडण त्यांच्यातलं आणि कानकोंडा मी झालो.

मुंगीला सांगितलं आहे की घंटा वाजली की नटीला आई म्हणायचं आणि सहानंतर मावशी. मला धास्ती होती की तिला कळणार नाही. तिला माझ्या आधी कळलं. आज सहा वाजता बाहेरच्या पाटीचे दिवे गेले, नटी गेली, तेव्हा ती खिडकीत उभी राहून म्हणाली, "आई बंद झाली."

मी म्हटलं, हो, आता उद्या.

या घरातले दिवे आपोआप लागतात. माणूस हलला की लागतात, स्थिर बसला की जातात. मुंगी झोपली की मी खुर्चीत बसतो, आणि थोड्या वेळाने दिवा ठरवतो की खोलीत कोणी नाही. मग हात हलवून सांगावं लागतं, मी आहे.

सोमवार, १७ मार्च

आज जीव टांगणीला लागला होता. पाहुणे असताना मुंगीच्या हातून पेला पडला आणि ती रडायला लागली. साधं रडणं, पण थांबेना. एक जोडपं जवळजवळ ठरवून आलं होतं. बाईने मुंगीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि दोघं निघून गेले.

विक्रीसाहेब चढ्या आवाजात बोलत नाहीत. ते म्हणाले, "हे बघा, एक रडणं म्हणजे एक घर गेलं. लहान आहे, मी समजतो. जमत नसेल तर सांगा, आपण जरा मोठ्या मुलाचं कुटुंब बघू. राग नाही."

दुपारी दोन तास कोणी नव्हतं, तेव्हा मी एक खेळ काढला. मुंगीच्या फ्रॉकला उजव्या बाजूला खिसा आहे. तिला म्हटलं, रडू आलं ना, की ते खिशात ठेवायचं. पाहुणे जाईपर्यंत तिथेच. पाहुणे गेले की काढायचं आणि हवं तेवढं रडायचं. मी स्वतः करून दाखवलं. रडवेला झालो, मूठ खिशात घातली, हसलो. ती खिदळायला लागली. मग तिने केलं. मी खोटं खोटं तिचं बाहुलं पाडलं, तिने ओठ काढले, हात खिशात, आणि हसली! पाच-सहा वेळा केलं. एकदाही चुकली नाही.

नटी ओट्याशी बघत होती. सहा वाजता जाताना म्हणाली, "दादा, मला खोटं रडायला शिकायला तीन वर्षं लागली. तुम्ही पोरीला एका दुपारी खरं न रडायला शिकवलंत."

कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही. मी आभार मानले.

रविवार, ३० मार्च

या महिन्यात चार घरं विकली गेली. विक्रीसाहेबांनी मुंगीचं तोंड भरून कौतुक केलं. "ही आपली खरी सेल्समन," म्हणाले. आता ती पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जाते आणि म्हणते, "पुन्हा या हं." लोक विरघळतात. गुरुवारी तिच्या बोटावर खणाचं झाकण आपटलं होतं, तेव्हाही पाहुण्यांना काही कळू दिलं नाही. नंतर मी म्हटलं, आता काढ. ती म्हणाली, "नको. संपलं."

ताईला फोनवर हे सांगितलं. ताई म्हणाली, "साडेतीन वर्षांची ना रे ती? माझा आठ वर्षांचा घोडा अजून चप्पल सापडली नाही म्हणून रडतो." मला जरा अभिमानच वाटला.

आज बसवाल्यांनी अचानक संप केला. नटी सहानंतर अर्धा तास थांबली, तिचा भाऊ गाडी घेऊन येईपर्यंत. आम्ही टेबलाशी पाव-लोणी खाल्लं. ती म्हणाली, "पाणी देता?" आणि, "मुंगीचे केस वाढलेत." त्या अर्ध्या तासात तिने मला अहो म्हटलं नाही आणि दादाही म्हटलं नाही.

उगाच लिहून ठेवतो. त्यात काही नाही.

सोमवार, १४ एप्रिल

नटीला मोठ्या नाटकात काम मिळालं. गावोगाव प्रयोग आहेत, पाच महिने तरी. तिने दुपारी सांगितलं, दोन पाहुण्यांच्या मधल्या वेळात, कपडे बदलल्याशिवाय. "अहो" म्हणून सुरुवात केली, मग हसली आणि म्हणाली, "म्हणजे दादा. शनिवारपर्यंत येईन."

मी म्हटलं, छान झालं. खरोखरच छान झालं. तिच्या जागी कंपनी दुसरी बाई देणार आहे, त्यामुळे माझ्या कामाला धोका नाही. मी विक्रीसाहेबांना तसं विचारून घेतलं.

संध्याकाळी खिडकीच्या चौकटी पुसल्या. मग लक्षात आलं की सकाळी पुसल्या होत्या.

मंगळवार, २२ एप्रिल

नवीन बाई आल्या. स्वभावाने बऱ्या आहेत. पाहुणे नसले की फोनवर बहिणीशी बोलत होत्या. त्याही मला अहो म्हणाल्या, पण सहानंतर काही न म्हणता निघून गेल्या.

दिवाणखान्यात आमचा मोठा फोटो होता, मी, नटी आणि मुंगी. काल स्टुडिओत जाऊन नवीन काढला. तीच खुर्ची, तोच शर्ट. जुना कंपनीचा माणूस घेऊन गेला. मागितला असता तर दिला असता की नाही, माहीत नाही.

मुंगीचं काय होणार म्हणून काल मी धड जेवलो नव्हतो. नटी शनिवारी जाताना तिला बराच वेळ पोटाशी धरून बसली होती. पण आज पहिली घंटा वाजली, आणि मुंगी थेट नवीन बाईंकडे गेली, बोट धरलं आणि म्हणाली, "आई, पाहुणे आले." एका दमात. विक्रीसाहेब टाळी वाजवायचे बाकी होते. मला हायसं वाटलं. एवढ्या लहान वयात एवढी समजूत मला कधी नव्हती.

संध्याकाळी ती दाराशी उभी होती, हात खिशात घालून. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "काही नाही." बराच वेळ उभी होती.

शनिवार, ३ मे

नीट लिहितो, क्रमाने.

सकाळी दहाच्या आधी मी न्हाणीघरात नळ पुसत होतो. नवीन बाई यायच्या होत्या. मुंगी खिडकीखालच्या खणावर चढली होती, हे मला नंतर कळलं. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, "मुंगे, काय पडलं?" तेवढ्यात घंटा वाजली. बाहेर येऊन बघितलं, तर ती खुर्चीत बसलेली, हसरी. नवीन बाई मागच्या दाराने धावत आल्या. पाहुणे आले.

शनिवार असल्यामुळे रीघ होती. एक गेले की दुसरे. मधल्या वेळात तिला दूध दिलं, तिने डाव्या हाताने पेला धरला. मला वाटलं, खेळ चालला आहे. जेवणही डाव्या हाताने. मी म्हटलंही, आज काय डावरी झालीस? ती हसली.

तीन वाजता एक म्हाताऱ्या बाई मुलगा-सुनेबरोबर आल्या. मुलगा-सून भिंतीतला पलंग बघायला गेले. आजींना त्यात रस नव्हता. त्या मुंगीसमोर टेकल्या, नाव-गाव विचारायला लागल्या, आणि एकदम मला म्हणाल्या, "अहो, या पोरीचा हात बघा. कोपर केवढं सुजलंय!"

बघितलं. कोपर लाल-निळं झालं होतं, माझ्या मुठीएवढं. मी हात लावला. तिचं अंग थरथरलं, आणि ती आजींकडे बघून हसली.

मी सगळ्यांना सांगितलं, घर बंद आहे. नवीन बाई म्हणाल्या, "अहो, असं कसं?" मी मुंगीला उचललं आणि निघालो.

टॅक्सीत ती रडली नाही. दवाखान्यात हाडाचा फोटो काढताना हात सरळ केला, तेव्हाही नाही. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या.

"कधी पडली?"

"सकाळी. दहाच्या सुमाराला."

"आणि आता चार वाजलेत. हाड मोडलंय हो. एवढ्याला मोठी माणसं दवाखाना डोक्यावर घेतात. ती रडली नाही?"

"नाही."

"घरी कोणी ओरडतं तिला? मारतं?"

"नाही हो."

"तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. दार लोटलेलं होतं, त्यामुळे ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई लाडाने विचारत होत्या, दुखलं ना बाळा, मग रडली का नाहीस? मुंगीने विचारलं, "तुम्ही पाहुण्या आहात?"

"नाही गं, मी डॉक्टर."

मुंगी म्हणाली, "पाहुणे आहेत ना अजून."

मी आत गेलो. तिला म्हटलं, मुंगे, पाहुणे गेले. सगळे गेले. आता काढ. तिने दाराबाहेर बघितलं. बाकावर दहा-बारा माणसं नंबर लावून बसली होती. "ते बघ," ती म्हणाली.

प्लास्टर घालून झाल्यावर मी दार घट्ट लावलं, तिच्यापुढे खाली बसलो आणि पुन्हा म्हटलं. या वेळी तिने ऐकलं. प्रयत्न केला. पण खिसा उजव्या बाजूला आणि प्लास्टरही उजव्या हाताला.

"बाबा, हात जात नाही," म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही काय म्हणते आहे?

मंगळवार, ६ मे

दोन दिवस मी तिला सांगतो आहे की खेळ संपला, खिसाबिसा काही नाही, रडू आलं की रडायचं. ती मान डोलावते. फ्रॉकचा खिसा मी शिवून टाकला. आता ती शिवणीवर डावा हात ठेवते.

विक्रीसाहेब आले. मुंगीला चॉकलेट दिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घाला, म्हणजे प्लास्टर दिसणार नाही. आणि मी वरती बोललोय, तुमचा पगार वाढेल. अशी मुलगी मिळत नाही हो."

मी म्हटलं, मला काम सोडायचं आहे.

"का? जमलंय की सगळं!"

"तेच," मी म्हटलं.

करार असा की एक महिना आधी सांगायचं, नाहीतर अनामत रक्कम गेली. महिनाभर मी राहीन, मुंगी राहणार नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, दुसरं मूल आणतो. मी म्हटलं, नको. मूल आणलंत तर मी आजच निघतो, अनामत ठेवा. पाहुण्यांना सांगू, मुलगी शाळेत गेली आहे.

"एवढीशी? आणि तीही मेच्या सुट्टीत? फोटोत दिसते ना किती लहान आहे ते."

"पाहुणे घर बघायला येतात, साहेब. मुलीकडे कोण बघतं?"

ते बघत राहिले. मग चालेल म्हणाले.

ताईला फोन केला. घेऊन येतो, एवढंच म्हटलं. इतकी वर्षं हेच मागणारी ताई एकदम म्हणाली, "अरे, पण तू काय करशील?"

रविवार, ११ मे

काल सकाळी ताईकडे पोचलो. दारातच तिच्या दोघांची जुंपली होती, एकाच्या हातात दुसऱ्याचा बूट. ताई लाटणं घेऊन मध्ये. मुंगी उंबऱ्याशी ताठ उभी राहिली आणि सगळ्यांकडे बघून हसली.

"किती शहाणी गं बाई ही!" ताई म्हणाली. "बघा रे, शिका काहीतरी."

मी म्हटलं, "ताई, तिला शहाणी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? गाढव म्हणू?"

"चालेल."

ताईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुपारी तिला सगळं सांगितलं, आजींनी कोपर दाखवलं तिथपर्यंत. ताई मुलांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, एकाच शर्टाची तीनदा घडी घातली. भावोजींना विचारलं, इथे काही काम आहे का. ते म्हणाले, बघू, पण सध्या तरी कठीण.

रात्रीची गाडी होती. मुंगीला जवळ घेतलं, म्हटलं, बाबा महिन्याने येतो. ती दारापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, आता तरी. तिने डावा हात हलवला, हसली आणि म्हणाली, "पुन्हा या हं."

भावोजी हसले. मी गाडीत रात्रभर बसून होतो.

सोमवार, १९ मे

दिवसभर खुर्चीत बसतो. शेजारची छोटी खुर्ची रिकामी. पाहुणे फोटो बघून विचारतात, आणि नवीन बाई सांगायच्या आधी मीच सांगतो, मुलगी शाळेत गेली आहे. आज एका बाईने विचारलं, "कितीला सुटते?" हे ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, उशिरा.

संध्याकाळी ताईचा फोन. हॅलो नाही, काही नाही, सुरुवातच चढ्या आवाजात.

"तुझ्या पोरीने आज चार माणसांत माझी मान खाली घालायला लावली! धाकट्याने तिचं बाहुलं ओढलं, तर काय भोकाड पसरलं रे! जमिनीवर लोळली. त्याला चावली."

"घरात कोण होतं?"

"कोण म्हणजे? यांचे साहेब आले होते, त्यांची बायको होती, शेजारचे होते. सगळ्यांसमोर!"

"त्यांच्यासमोर? ते गेल्यावर नाही ना?"

"अरे, त्यांच्यासमोर म्हणजे त्यांच्या पायाशी! साहेबांच्या बुटावर दूध सांडलं. मी दटावलं, तर आणखी जोरात. वरच्या मजल्यावरचे बघायला खाली आले. तू तिला काही शिस्त लावली होतीस की नाही?"

"मोठ्याने रडली?"

"कितीदा विचारशील? मोठ्याने! बहिरा झालास का?"

मी तिला पुन्हा सगळं सांगायला लावलं. आधी काय झालं, मग काय झालं, हात कुठे होता. ताई म्हणाली, हात काय, दोन्ही हातांनी, प्लास्टरनेसुद्धा, त्याला बडवत होती. ताईचा राग हळूहळू गेला. म्हणाली, "अरे, ऐकतोयस ना?" मग म्हणाली, "अर्धा तास रडली. मग माझ्या मांडीवर येऊन झोपली. पदर अजून मुठीत आहे, मला उठताही येत नाही. उठवू का? बोलतोस?"

मी म्हटलं, नको. झोपू दे.

आजपर्यंतचा खर्च: डॉक्टर, फोटो आणि प्लास्टर, दोन हजार शंभर. टॅक्सी एकशे वीस. रेल्वे, दोघांचं जाणं आणि माझं येणं, सातशे ऐंशी. ताईच्या मुलांना खाऊ साठ.

देणं: औषधांच्या दुकानाचे तीनशे पाच, पगार झाला की. ताईचे किती ते कळत नाही, विचारलं की शिव्या देते. नटीचे एकशे चाळीस, मुंगीला चपला घेतल्या होत्या त्याचे. ते कुठे पाठवायचे माहीत नाही.